उशीखालची चपाती

आलेलं पत्र, थोडं आटोपशीर करून:

“ताई, मी मूळची कोल्हापूरची, गेली 14 वर्षं मिनियापोलिसला आहे. वय 41, लग्न केलेलं नाही. साडेतीन महिन्यांपूर्वी माझ्या घरी दोन भावंडं आली. मुलगा 7 वर्षांचा, मुलगी 4 वर्षांची. दोघांचा जन्म इथियोपियातला. आईबरोबर इथं आली, दीड वर्षापूर्वी आई आजारानं गेली, वडिलांचा पत्ता नाही. मधे दोन फॉस्टर घरं, म्हणजे तात्पुरती सांभाळणारी कुटुंबं, झाली. दत्तकाचा कोर्टाचा शेवटचा आदेश पुढच्या महिन्यात आहे. मुलगा उशीखाली चपात्या लपवतो. बुरशी आलेली सापडली तेव्हा मी ओरडले. त्याला आठ दिवस झाले, तो माझ्याकडं बघत नाही आणि मी रात्री दोनला उठून बसते. मुलगी दुकानात कुणाच्याही कडेवर जाते, मी उचललं की अंग ताठ करते. काही विचारलं की दचकल्यासारखा श्वास आत ओढते. दिवा मालवला की दोघं त्यांच्या भाषेत कुजबुजतात, मला माझ्याच घरात परकं वाटतं. आई पुढच्या महिन्यात सहा महिन्यांसाठी येतेय. ती म्हणते, नावं बदल, आपल्यातली ठेव. मावशीनं तर ‘हबशी’ हा शब्द वापरला. सगळ्यात वाईट हे की मला या मुलांबद्दल अजून काही वाटतच नाही. कामवाली असल्यासारखी राबते. मी कोर्टात जावं का?”

ताई म्हटलंस, म्हणून ‘तू’च म्हणते.

तुझ्या शेवटच्या प्रश्नावर बाकीचं सगळं अडलंय, म्हणून आधी तोच घेते. कोर्टात जा. काही वाटत नाही म्हणतेस, आणि पोरगं आठ दिवस बघत नाही म्हणून रात्री दोनला उठून बसतेस. मी दोन्ही वाक्यं वाचली, आणि माझा विश्वास दुसऱ्यावर बसला.

मी 2010 मध्ये इथियोपियातल्या आदिस अबाबाहून दोघांना घेऊन आले, मीही एकटीच. मुलगा 6 वर्षांचा होता, मुलगी 2. आम्ही मेरीलँडमध्ये सिल्व्हर स्प्रिंगला राहतो. विमानतळावर मैत्रिणी फुगे घेऊन आल्या होत्या आणि फोटोत मी हसतेय. चौथ्या महिन्यात मी रात्री मुलं झोपली की बेबी मॉनिटर हातात घेऊन तळमजल्यावर कपडे धुवायच्या मशिनपुढं जाऊन बसायचे. मशिन थांबायचं, दिवा विझायचा, मी तशीच बसलेली. मुलांची दया यायची, काळजी वाटायची, जबाबदारीचं तर ओझंच होतं. माया नव्हती. हे मी त्या वेळी कुणालाही सांगितलं नाही, कारण ज्या मुलांसाठी तीन वर्षं कागद गोळा केले त्यांच्याबद्दल असं बोलायची मला लाज वाटत होती. माया नंतर कधी आली, हेही सांगता येत नाही. एवढंच आठवतं, की नवव्या महिन्यात मुलाला ताप आला होता, मी त्याला धरून बसले होते, आणि त्याच्या मानेचा घामट वास मला माझ्या घरचा वाटला.

पोटच्या बाळाला डोळे उघडल्यापासून आईच दिसते. तुझ्या घरी आलेल्या पोरांना आई माहीत आहे, आणि ती तू नाहीस. मुलाला तर ती चांगली आठवत असणार: तिचा आवाज, तिची हाक, तिच्या ओढणीचा वास. अशी दोन दुःखं घरात घेऊन साडेतीन महिने झालेत, आणि तू स्वतःला विचारतेस की अजून प्रेम का नाही. फार घाई करतेयस गं. मायेचं सोंग आणू नकोस, पोरांना ते लगेच कळतं. सध्या त्यांना तू वेळेवर हवीस. सात म्हणजे सातला जेवण. शाळा सुटल्यावर त्याच खांबापाशी तू. झोपताना तोच दिवा, तेच दोन शब्द. या राबण्याला तू कामवालीचं काम म्हणालीस, पण त्यांच्या आयुष्यात आजवर मोठी माणसं एकामागून एक नाहीशी झाली आहेत, आणि रोज उठून तेच काम करणारं माणूस त्यांना पहिल्यांदा भेटतंय.

आता उशीखालची चपाती.

तो चोरी करत नाही, उद्याची तरतूद करतोय. अन्न कधी येतं आणि कधी थांबतं हे त्याच्या हातात कधीच नव्हतं, ते तो आता हातात घ्यायला बघतोय. त्याला एक झाकणाचा डबा दे, फक्त त्याचा, पलंगाशेजारी ठेवायला. टिकणारं काही घाल: बिस्किटं, फुटाणे. इथियोपियन दुकानात भाजलेले जव मिळतात, बार्ली म्हणतो ते धान्य, त्याला ‘कोलो’ म्हणतात, आपल्या फुटाण्यांसारखंच मूठमूठ खायचं. रोज रात्री झोपायच्या आधी त्याच्या डोळ्यांसमोर डबा भर. रिकामा झाला असेल तर का संपला विचारू नकोस, पुन्हा भर. काही आठवडे तो डबा सारखा उघडून बघेल, मग कमी बघेल. चपात्या लगेच थांबणार नाहीत. सापडल्या तर त्याच्यासमोर फेकू नकोस, शाळेत गेल्यावर काढ.

आणि ओरडल्याबद्दल माफी माग. समोर बसवून, डोळ्यांत बघायला लावून मागू नकोस. गाडीत, तो मागच्या सीटवर असताना म्हण, “परवा मी ओरडले, ती माझी चूक होती. या घरातलं जेवण तुझं आहे.” उत्तराची वाट बघू नकोस.

जेवण ही शिक्षा कधीच करू नकोस. ‘नीट बोललास तर खाऊ’ हेसुद्धा नको. 2011 मध्ये वॉशिंग्टन राज्यात इथियोपियातून दत्तक आलेली एक मुलगी घराच्या मागच्या अंगणात थंडीनं गेली. तिला उपाशी ठेवायचे, शिक्षा म्हणून घराबाहेर काढायचे. 2013 मध्ये तिच्या दत्तक आईवडिलांना शिक्षा झाली. हे तुला घाबरवायला लिहीत नाही, तू तशी नाहीस. पण ‘शिस्त’ या शब्दाखाली लोक तुला बरंच काही सांगतील, नात्यातलेही सांगतील, तेव्हा ही मुलगी आठव.

माझी लेक जेवण झाल्यावर गालात भाताचा एक घास धरून ठेवायची. दात घासताना मी बोट घालून तो काढायची. पहिल्यांदा मला वाटलं गिळता येत नाही, डॉक्टरकडं नेलं. गिळता येत होतं. तिला झोपताना तोंडात काहीतरी हवं होतं. जवळजवळ 11 महिने हे चाललं. मग एके रात्री बोट घातलं तर गाल रिकामा.

इथियोपियात ताट एकच असतं. मोठी इंजेरा पसरलेली, टेफ नावाच्या बारीक धान्याच्या पिठाची, आंबवलेली, आपल्या आंबोळीच्या जाळीची, फक्त एका बाजूनं मितादवर, म्हणजे तिथल्या तव्यावर, भाजलेली. तिच्यावर कालवणं वाढलेली. सगळे त्यातच जेवतात, आणि जेवताना आपल्या हातानं घास करून दुसऱ्याच्या तोंडात घालतात. त्याला ‘गुर्शा’ म्हणतात. पाहुण्याला देतात, मोठ्यांना देतात, मुलांना देतात, आणि एका घासावर थांबत नाहीत. चिऊचा घास, काऊचा घास करत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. पण तुझ्या हातचा घास मुलगा आज घेणार नाही. उलटं कर. त्याला बहिणीला भरवू दे, ते तो करतच असेल. मग कधीतरी जेवताना नुसतं विचार, “मला?” आणि तोंड उघड. नाही म्हणाला तर आपलं आपण जेव. आज ना उद्या तो घास करेल, आणि तो तुझ्या तोंडापर्यंत येईपर्यंत अर्धा सांडेल.

त्यांचं जेवण तुला कठीण जाणार नाही. शिरो म्हणजे मसाल्याच्या हरभऱ्याच्या पिठाचं पिठलंच, फक्त त्यात बरबरे मसाला आणि ‘निटर किब्बे’ म्हणजे मसाला घालून कढवलेलं तूप. कोल्हापूरच्या हाताला तिखटाची भीती नाही. मात्र ते केल्यावर मूल आनंदानं उड्या मारेल असं धरून चालू नकोस. मी पहिल्यांदा शिरो केलं, आणि वास आल्याबरोबर मुलगा टेबलाखाली जाऊन बसला. मी हाका मारल्या, विनवलं. शेवटी ताटली घेऊन मीही टेबलाखाली गेले. दोघं वाकून बसलो होतो. तो माझ्याकडं पाठ करून जेवला, सगळं पुसून जेवला, आणि जेवताना रडत होता. मी त्या वेळी काही बोलले नाही, हे मला आजही बरं वाटतं.

मुलीचं वेगळं आहे. दुकानात कुणाच्याही कडेवर जाते म्हणून लोक तुला सांगतील, “किती गोड, किती लाघवी!” ती लाघवी नाही, तिला अजून आपलं-परकं करता येत नाही. अडीच वर्षांची असताना आई गेली, मग दोन घरं बदलली. प्रत्येक मोठं माणूस तिला पुढची आई वाटू शकतं. म्हणून काही महिने तिचं विश्व लहान ठेव. भरवणं, न्हाऊ घालणं, औषध, कडेवर घेणं, लागलं-खुपलं तर फुंकर, हे फक्त तू करायचं. बाकीच्यांनी लांबून हात हलवायचा. वाढदिवस, गणपतीच्या पार्ट्या, मराठी मंडळ, सगळं या वर्षी राहू दे. लोक म्हणतील फारच करतेय. म्हणू देत.

ती ताठ होते तेव्हा मिठी मारत राहू नकोस. त्यापेक्षा तिचे केस विंचर. हा मला स्वतःला फार उशिरा सुचलेला उपाय आहे. समोरासमोर माया करायला जी मुलं घाबरतात ती पाठ करून बसायला घाबरत नाहीत. मात्र हे केस आपल्या केसांसारखे नाहीत, रोज शांपू आणि बारीक दातांचा कंगवा चालवलास तर तुटतील आणि ती रडेल. ओले करून, भरपूर कंडिशनर लावून, मोठ्या दातांच्या कंगव्यानं टोकाकडून मुळाकडं गुंता सोडवायचा. वर खोबरेल. रात्री सॅटिनची टोपी, सुती उशी केस कोरडे करते. बारीक वेण्या घालतात त्यांना अम्हारिक या तिथल्या भाषेत ‘शुरुबा’ म्हणतात. त्या घालायला शिकायच्या तर एखाद्या इथियोपियन किंवा काळ्या अमेरिकन बाईकडं पैसे देऊन जा, शेजारी बसून बघ, पुढच्या वेळी स्वतः कर. रविवारी सकाळी तासभर ती तुझ्या गुडघ्यांत बसलेली, डोकं तुझ्या हातात. त्या तासात अंग कधी सैल होतं ते तुलाच कळेल.

श्वास आत ओढते म्हणून तू घाबरलीस, त्याचा अर्थ मात्र मी तुला हसत सांगू शकते. इथियोपियात पुष्कळ माणसं ‘हो’ म्हणताना तोंडानं पटकन श्वास आत घेतात. परक्याला वाटतं की हा दचकला. तुझी मुलगी साडेतीन महिने तुला ‘हो’ म्हणतेय.

भाषेबद्दल. फाइलमध्ये नुसतं ‘इथियोपियन’ लिहिलं असेल तर त्याला काही अर्थ नाही, त्या देशात 80 हून जास्त भाषा आहेत. मी जाण्याआधी अम्हारिक शिकले, 40-50 शब्द पाठ केले. मुलगा दक्षिणेकडच्या वोलायता भागातला निघाला. मी ‘वुहा, वुहा’ करत पाण्याचा पेला पुढं करायची आणि तो माझ्या तोंडाकडं बघायचा. तुमच्या मिनेसोटात इथियोपियातले ओरोमो लोक पुष्कळ आहेत, तेव्हा तुझी मुलं ओरोमो असायची चांगलीच शक्यता आहे. करून बघ: पाणी देताना एकदा ‘वुहा’ म्हण, ते अम्हारिक. दुसऱ्यांदा ‘बिशान’ म्हण, ते ओरोमो. कुठल्या शब्दाला मुलीची मान वळते ते बघ. दोन्हींना वळली नाही तर फाइल घेऊन सोशल वर्करच्या मागं लाग. अम्हारिक असेल तर एक शब्द आजच शिकून घे. मुलाला ‘आयझोह’, मुलीला ‘आयझोश’. पडलं, घाबरलं, रडलं की हाच शब्द, ‘धीर धर, मी आहे’ असा. ओरोमो असेल तर तिथल्या एखाद्या बाईला विचार की तुमच्यात रडणाऱ्या लेकराला काय म्हणतात. आणि तोच म्हण, उच्चार चुकला तरी.

रात्रीची कुजबुज चालू दे. दाराबाहेर उभी राहून वाईट वाटून घेऊ नकोस. ती आईची भाषा आहे, आणि ती बोलायला आता दोघांत दोघंच उरलीत. मराठी येईल हळूहळू. तू स्वयंपाकघरात स्वतःशी बोलतेस त्यातून येईल.

यालाच जोडून एक काम सांगते, आणि हे या महिन्यातच कर, पुढं ढकलू नकोस. या मुलांच्या आईला ओळखणारी माणसं शोध. शेजारीण, कामावरची मैत्रीण, चर्च किंवा मशीद, जे असेल ते. सोशल वर्करला लेखी विचार. आईचा फोटो, तिचं गाव, ती काय गुणगुणायची, बुधवार-शुक्रवारचे उपास करायची की रोजे धरायची, मुलांना काय म्हणून हाक मारायची, सगळं एका वहीत लिहून ठेव. अशी माणसं पाच वर्षांत पांगतात. इथियोपियाच्या संसदेनं 2018 च्या जानेवारीत परदेशी लोकांना मुलं दत्तक देणं बंद केलं, त्यामागं जी कारणं होती त्यात हेही होतं, की बाहेर गेलेल्या पुष्कळ मुलांचे धागे तुटले आणि कागदांवर जे लिहिलं होतं ते नेहमी खरं नव्हतं. माझ्या मुलाच्या कागदांवर ‘नातेवाईक कोणी नाही’ असं होतं. तो 12 वर्षांचा असताना कळलं, की सख्खा मामा आहे आणि तो त्याला शोधत होता. हे मी वेळेत विचारलं असतं तर सहा वर्षं वाचली असती. त्याचं मला अजून लागतं.

नावांचं बोलू. तुझ्या आईच्या म्हणण्याला आपल्याकडं मोठी परंपरा आहे हे खरं. दत्तकविधानात नाव बदलायचंच. कवळाण्याचा गोपाळ 1875 मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. पण ते गादीसाठी होतं, घराण्याला वारस हवा होता. तुझ्या पोरांकडं आईनं दिलेलं दुसरं काय उरलंय? दोन नावं, आणि ती कुजबुज. तुझ्या आईला हे सांगताना एक गोष्ट हाताशी ठेव: इथियोपियात आडनाव नसतं. मुलाचं नाव, मग बापाचं, मग आजोबांचं. आपल्यासारखंच मधलं नाव वडिलांचं. कोल्हापूरच्या बाईला हे लगेच पटेल, की बापाचं नाव पुसत नसतात. तुला तुझं आडनाव शेवटी जोडायचं असेल तर जोड, कोर्टात तसं होतं. पण मुलगा 7 वर्षांचा आहे, आधी त्याला विचार, आणि नाही म्हणाला तर ऐक.

मावशीच्या शब्दाला मात्र गप्प बसू नकोस. आईला आधी फोनवर, ती विमानात बसायच्या आधी, स्पष्ट सांग की हा शब्द माझ्या घरात चालणार नाही. आणि नंतर, राग उतरल्यावर, मलिक अंबरची गोष्ट सांग. तोही इथियोपियातला मुलगा, सोळाव्या शतकातला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, एका मालकाकडून दुसऱ्याकडं, समुद्र ओलांडून दख्खनला आला. निजामशाहीचा वजीर झाला, मोगलांना त्यानं वर्षानुवर्षं थोपवून धरलं, 1610 मध्ये खडकी वसवली, जिचं पुढं औरंगाबाद झालं, आणि तिथं नहरींनी पाणी खेळवलं. या लोकांशी आपलं नातं चारशे वर्षांचं आहे. मुलांनाही सांग, थोडी मोठी झाल्यावर. महाराष्ट्रात त्यांच्यासारख्या चेहऱ्याचा एक राज्यकर्ता होऊन गेला हे त्यांना कळायला हवं.

त्याहून महत्त्वाचं तुझ्या शहरातलं आहे. 2020 मध्ये मिनियापोलिसच्या रस्त्यावर जॉर्ज फ्लॉइड हा काळा माणूस पोलिसाच्या गुडघ्याखाली गेला, ते तू जवळून बघितलंस. आणखी पाच-सहा वर्षांत तुझा मुलगा उंच होईल, हूड घालून एकटा दुकानात जाईल, आणि बघणाऱ्याला त्याच्यामागं उभी असलेली कोल्हापूरची आई दिसणार नाही. याची तयारी तू एकटी करून देऊ शकत नाहीस, मीही देऊ शकले नाही. त्याला काळी मोठी माणसं हवीत: शिक्षक, डॉक्टर, न्हावी, शेजारी. घराचं विश्व लहान ठेवायचं हे काही महिन्यांपुरतं. ते संपलं की तुझी मैत्री या लोकांत वाढव.

आई येतेय, तिला शक्य असेल तर दोन महिने पुढं ढकल. जमत नसेल तर काम वाटून दे. बाळंतपणाला आई येते ती बाळंतिणीसाठी. तुझंही हे बाळंतपणच आहे, आणि तुला कुणी डिंकाचा लाडू दिलेला नाही. इथियोपियात बाळंतिणीला गेन्फो देतात, घट्ट उकड, मधे खळगा करून त्यात तूप आणि तिखट. आईला म्हण, तू स्वयंपाक कर, धुणं बघ, मला दुपारी दोन तास झोपू दे. पोरांचं मी बघते. तिला हे लागेल, नातवंडांना मांडीवर घेण्यासाठीच ती येतेय. लागू दे, नीट समजावून सांग. ‘एक ठेवून दिली की वळण लागतं’ असं ती म्हणाली तर ते त्याच दिवशी थांबव. दत्तक अजून पूर्ण झालेलं नाही, तोवर कायद्यानंही हात उचलता येत नाही, आणि नंतरही उचलायचा नाही.

तुझ्या झोपेचं आणि त्या ‘काही वाटत नाही’चं डॉक्टरला सांग. बाळंतपणानंतर जसं नैराश्य येतं तसं दत्तकानंतरही येतं, त्याला औषध आहे, बोलून उपचार आहेत. सोशल वर्करला कळलं तर मुलं नेतील या भीतीनं मी गप्प राहिले. तू राहू नकोस. मदत मागणाऱ्या आईची त्यांना सवय असते. मुलांना किंवा स्वतःला इजा करावीशी वाटली, एका क्षणापुरती का होईना, तर त्याच क्षणी 988 या हेल्पलाइनला फोन कर, दिवसरात्र कुणीतरी उचलतं. कामावर बारा आठवड्यांची बिनपगारी रजा मूल घरी आल्यापासून वर्षभरात घेता येते, सगळी संपवली नसशील तर एचआरला तुकड्यांत मिळेल का विचार. आणि कोर्टाच्या तारखेआधी एक गोष्ट पक्की कर: फॉस्टरमधून दत्तक घेतलेल्या मुलांसाठी सरकारकडून मिळणारं आर्थिक साहाय्य आणि वैद्यकीय विमा यांचा करार आदेशाच्या आधी सह्या होऊन हातात हवा. नंतर मिळवणं फार अवघड. मुलांना लागणारं समुपदेशन त्यात लिहून घे. ‘नंतर बघू’ म्हणाले तर नको म्हण.

या शनिवारी दोघांना घेऊन सेंट पॉलला स्नेलिंग अव्हेन्यूवर जा, तिथं इथियोपियन दुकानं आहेत. सकाळी जा, गर्दी नसताना. मुलीला बाबागाडीत बसव, म्हणजे ती कुणाच्या कडेवर जाणार नाही. इंजेराचं पाकीट घे, थोडं कोलो, थोडं बरबरे. दुकानातली बाई मुलाला काहीतरी विचारेल. तू मधे बोलू नकोस, तो कुठल्या भाषेत उत्तर देतो ते ऐक. मग पैसे दे आणि पिशवी त्याच्या हातात दे. घरापर्यंत तोच धरून बसेल.